चहा, कागद आणि एक अट

पहिल्या महायुद्धातल्या भारतीय शिपायांची जुनी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली की एका प्रकारच्या छायाचित्राखाली वाद ठरलेला असतो. तंबूतले लांब टेबल, बाकावर दाटीवाटीने बसलेले फेटेवाले शिपाई, आणि त्यांच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवून घेणारा वायएमसीएचा, म्हणजे ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ या ख्रिस्ती संस्थेचा, एखादा कार्यकर्ता. खाली प्रतिक्रिया येते, ‘सेवेच्या आडून धर्मांतर चालले होते.’ त्यावर उत्तर येते, ‘ही निखळ माणुसकी होती, तुम्हाला सगळीकडे कारस्थानच दिसते.’ दोन्ही बाजू आपापल्या ठरलेल्या वाटेने निघून जातात. शिपाई कोण, लिहिणारा कोण, तो तिथे कोणत्या करारावर बसला होता, हे विचारायला कोणी थांबत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. त्या कार्यकर्त्याच्या मनात प्रेम होते की प्रचार, हे आज शंभर वर्षांनी तपासायला आपल्याकडे साधन नाही. तो कोणत्या अटींखाली काम करत होता, हे मात्र तपासता येते. आणि तपासले तर दिसते असे, की अटी नीट होत्या तिथे ही सेवा शिपायाच्या खरोखर कामी आली. अटी ढिल्या पडल्या तिथे माणसे तीच, श्रद्धा तीच, तरी काम बिघडले. वाद घालायचाच तर अटींवर घालावा.

आधी हा माणूस कोण ते स्पष्ट करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. तो पाद्री नव्हता. लष्करी पाद्र्याला सैन्यात हुद्दा असे, पगार असे, उपासना आणि दफनविधी हे त्याचे नेमलेले काम असे. वसई-पालघरच्या चर्चमध्ये ज्यांना ‘प्रापंचिक’ म्हणतात त्यांच्यातला हा माणूस: शाळामास्तर, कारकून, कॉलेज संपवून आलेला तरुण. संस्थेचा पगारी सेक्रेटरी किंवा बिनपगारी स्वयंसेवक. विधी करण्याचा अधिकार त्याला नाही, हुकूम देण्याचा तर नाहीच. उरतात त्या वस्तू: चहा, कागद, कंदील, ग्रामोफोन, फुटबॉल. लाकडी बराक किंवा मोठा तंबू उभारायचा, एका टोकाला चहाचे काउंटर, दुसऱ्या टोकाला गाण्या-खेळांसाठी छोटा मंच, मध्ये टेबले. फ्रान्समध्ये भारतीय शिपायांसाठी उभारलेल्या अशा तंबूंत हिंदुस्थानी रेकॉर्डी वाजत, हॉकीचे सामने ठरत, फ्रेंच आणि इंग्रजीचे कामचलाऊ धडे होत. पण तिथे सगळ्यांत जास्त खप कागदाचा होता, आणि या कार्यकर्त्याची खरी परीक्षाही कागदावरच होत असे.

दुसऱ्याचे पत्र लिहिणे हे दिसते तितके सोपे नाही. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते, म्हणून लिहिणाऱ्याला आधी पत्त्याचीच उलटतपासणी करावी लागे: नाव, बापाचे नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. ‘शिंदे, जिल्हा सातारा’ एवढ्यावर पत्र पोचत नाही. मग पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, कंपनी, पलटण. मुक्कामाचे नाव मात्र लिहायचे नाही. ते लिहिले की पत्र अडलेच. पुढचा प्रश्न अवघड: गावी हे वाचून कोण दाखवणार? कुलकर्णी, मास्तर की पोस्टमन? बायकोसाठी सांगितलेली गोष्ट आधी त्याच्या डोळ्यांखालून जाणार, हे शिपायाला माहीत असते, त्यामुळे तो अर्धे बोलतो आणि थांबतो. पाठीमागे रांग उभी असते, तिच्या कानांवरही सगळे जात असते. घाईत असलेला लेखनिक अशा वेळी ठरलेला मायना आणि ‘इकडील सर्व क्षेम’ घालून मोकळा होतो. शिपायाने सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी कागदावर तीनच उतरतात, त्याही लेखनिकाच्या भाषेत. यावर उपाय एकच: पाकीट बंद करण्याआधी सगळे पत्र हळू आवाजात वाचून दाखवायचे आणि ‘हेच म्हणायचे होते ना?’ असे विचारायचे. प्रत्येक पत्रामागे वेळ वाढतो, रांग कुरकुरते, पण पत्र त्या माणसाचे राहते. गावाकडून आलेली पत्रेही अशीच वाचून दाखवावी लागत, आणि त्यांत मयताची बातमी असू शकते, म्हणून जाणता कार्यकर्ता आलेले पत्र आधी स्वतः नजरेखालून घालतो आणि मग शिपायाला बाजूला नेऊन वाचतो. हे कौशल्य आहे, नुसत्या चांगुलपणाने येत नाही.

आणि या पत्राचा प्रवास लेखनिकाच्या टेबलावर संपत नव्हता. फ्रान्समधल्या भारतीय टपालासाठी बुलोनला खास सेन्सॉर कचेरी होती. निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन अहवालांत जात. शिपाई हे ओळखून होते. हिंदुस्थानी पलटणी कापल्या जात आहेत आणि आता गोऱ्यांची पाळी आली आहे, हे सांगायला ‘काळी मिरी संपली, आता तांबडी मिरी चालू आहे’ असे लिहिले जाई. सेन्सॉरलाही ही मिरी कळली होती. इथे टीकाकारांचा एक मुद्दा मान्यच करायला हवा: पत्र लिहून देणारा कार्यकर्ता या साखळीतली एक कडी होता. काय अडेल ते त्याला ठाऊक होते, म्हणून ते तो आधीच गाळायला सांगत असणार. ‘निखळ माणुसकी’ म्हणणाऱ्यांना हे अवघड वाटते, पण ते खरे आहे. प्रश्न एवढाच की तो नसता तर साखळी तुटली असती का? तुटली नसती. पत्रे कमी गेली असती, किंवा कंपनीतल्या एखाद्या साक्षर माणसाला पैसे देऊन गेली असती.

आता धर्मांतराचा आरोप. यातला खरा भाग लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकी यादवी युद्धात, १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये, वायएमसीएच्या मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये ख्रिश्चन कमिशन स्थापन केले. त्याचे सुमारे ५,००० बिनपगारी प्रतिनिधी सहा-सहा आठवड्यांसाठी छावण्यांत आणि इस्पितळांत गेले. त्यांच्या झोळीत मलमपट्टी, कागद आणि खाऊ होता, तशी बायबलची पुस्तके आणि धर्मपत्रकेही होती. उपदेश हा त्यांचा जाहीर उद्देश होता. हीच परंपरा पुढे भारतीय शिपायांपर्यंत आली. तेव्हा शंका घेणाऱ्याला मूर्खात काढता येत नाही. जखमी माणूस खाटेवर पडलेला असतो, पाण्याच्या घोटासाठीही परावलंबी असतो. त्याच्या उशाशी बसून केलेला उपदेश त्याने ‘स्वेच्छेने’ ऐकला असे म्हणणे धाडसाचे आहे.

म्हणूनच अट महत्त्वाची. १९१४ मध्ये भारतीय पलटणी फ्रान्सला गेल्या आणि वायएमसीएने त्यांच्यात काम करायची परवानगी मागितली, तेव्हा सरकारने बजावले, की धर्मप्रचार करायचा नाही. सरकारला ही सद्बुद्धी कुठून सुचली? १८५७ च्या भीतीतून. चरबीच्या काडतुसांची आठवण लंडनला आणि सिमल्याला पुरती होती. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधल्या इस्पितळात हिंदू, मुसलमान आणि शीख जखमींसाठी मिळून नऊ स्वयंपाकघरे आणि वॉर्डांत पाण्याचे वेगळे नळ केले होते, तेही याच भीतीतून. अटीचा उगम उदात्त नव्हता, परिणाम मात्र चांगला झाला. उपदेश बाजूला काढल्यावर सेक्रेटरीचे माप एकाच गोष्टीने होऊ लागले: पत्र नीट लिहिले का, चहा वेळेवर मिळाला का, बोलायला आलेल्या माणसाचे ऐकून घेतले का. डॉ. एस. के. दत्तांसारखे भारतीय ख्रिस्ती फ्रान्समध्ये हे काम करत होते, के. टी. पॉल १९१६ पासून भारतातल्या वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस होते. हेच दोघे पुढे गोलमेज परिषदांना गेले, आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती समाजासाठी वेगळे मतदारसंघ मागायचे टाळून संयुक्त राष्ट्रीयत्वाची बाजू धरली. यांना साम्राज्याचे बाहुले ठरवण्याआधी एवढे तरी वाचायला हवे.

या आरोपात मला सगळ्यांत जास्त खटकते ते वेगळेच आहे: त्यात शिपायाला अक्कल नव्हती असे गृहीत धरलेले असते. चहाच्या पेल्यावर धर्म सोडणारा, असा तो रंगवला जातो. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुट-अल-अमाराचा वेढा आठवा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी जनरल टाउनशेंडच्या फौजेला तिथे कोंडले. त्या फौजेत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. शिधा संपत आला, घोडे कापले जाऊ लागले, आणि भारतीय शिपायांनी घोड्याचे मांस खायला नकार दिला. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मपुढाऱ्यांच्या मुभेचे निरोप मागवले, तरी महिनोन्महिने बहुतेकांनी ते तोंडात घातले नाही. स्कर्व्हीने खंगले, पण अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत थांबले. उपाशीपोटी, वरिष्ठांचा आग्रह आणि धर्मपुढाऱ्यांची मुभा असतानाही जो आपला आचार सोडत नाही, तो फुकटच्या वहीपेन्सिलीसाठी सोडेल? प्रचारावर बंदी हवीच, पण शिपाई भोळा होता म्हणून नव्हे. परावलंबी माणसाचा गैरफायदा घेऊ नये म्हणून.

याहून जड आक्षेप दुसरा आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. ही सेवा युद्धालाच वंगण घालत होती, असा तो आक्षेप. थकलेल्या माणसाला चहा पाजून पुन्हा खंदकात पाठवायचे. मग ही दया कोणाच्या उपयोगी पडली? हा आक्षेप घेणारी पहिली मोठी व्यक्ती साधीसुधी नव्हती: ती होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५९ च्या २४ जूनला इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. आँरी द्युनाँ हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या अल्जीरियातल्या धंद्याच्या कामासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनला भेटायला तिकडे आला होता. कास्तिल्योने गावात त्याने चर्चमध्ये पडलेल्या हजारो जखमींसाठी गावच्या बायकांना हाताशी धरून पाणी, पट्ट्या आणि निरोप लिहिण्याची व्यवस्था लावली, कोणत्या बाजूचा शिपाई हे न पाहता. हा द्युनाँ कोण? वायएमसीएची जिनिव्हातली शाखा काढणाऱ्यांपैकी एक, १८५५ मध्ये पॅरिसला या संस्थेचा जागतिक संघ बांधणाऱ्यांपैकी एक. म्हणजे आपल्या तंबूतल्या लेखनिकाचा थेट पूर्वज. स्वयंसेवकांच्या कायम संघटनेची त्याची योजना पुढे आली तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलने ती नापसंत केली. जखमींची काळजी हे सरकारचे कर्तव्य आहे. ते खासगी संस्थांनी अंगावर घेतले तर सरकारांना युद्ध करणे सोपे होईल, असे तिचे म्हणणे होते.

नाइटिंगेलचे अर्धे म्हणणे मला शंभर टक्के पटते. सरकारची जबाबदारी कोणाही संस्थेने झाकू नये. पण उरलेल्या अर्ध्याचे उत्तर मेसोपोटेमियाने दिले आहे. टेसिफोनच्या लढाईनंतर, १९१५ च्या नोव्हेंबरअखेर, जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले गेले आणि मग बोटी व पडावांवर कोंबून बसऱ्याला पाठवले गेले. मेजर कार्टर या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरने अशी एक बोट बसऱ्याला लागताना पाहिली. बाजूंवरून दोर लोंबताहेत असे त्याला लांबून वाटले. जवळ आल्यावर कळले की ती हगवणीने भरलेल्या माणसांची वाळलेली विष्ठा होती. त्याने तक्रार केली तर त्यालाच दमात घेतले गेले. १९१७ मध्ये या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. सेवेचे वंगण इतके आटले तेव्हा युद्धाचे चाक थांबले का? नाही. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतले आणि लढाई १९१८ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू राहिली. सेवा नसण्याची किंमत ना व्हाइसरॉयने दिली, ना सेनापतीने. पोटात गोळी घेऊन खेचरगाडीत हिंदकळणाऱ्या शिपायाने दिली. शिपायाला त्रासात ठेवले तर सरकार शांतताप्रेमी होते, याचा एकही दाखला इतिहासात मला दिसत नाही. आणि द्युनाँने तरी नुसत्या दयेवर काम थांबवले नाही. १८६४ च्या जिनिव्हा कराराने जखमी आणि त्यांची शुश्रूषा करणारे तटस्थ मानायची अट सरकारांवरच बसवली.

हौशीपणाचा आक्षेपही खरा आहे, आणि श्रद्धावंतांनी तो सगळ्यांत जास्त मनावर घ्यावा. ख्रिश्चन कमिशनचा प्रतिनिधी सहा आठवड्यांसाठी यायचा. काम कळू लागेपर्यंत त्याची परतायची वेळ व्हायची. दयाळू मंडळी इस्पितळांत घरचे केक आणि लोणची घेऊन यायची आणि हगवणीच्या रोग्यांना प्रेमाने खाऊ घालायची. आतडी सुजलेल्या माणसाला ते विषच. उलट टोकाला लष्करी भटारखाना. १८६२ च्या जानेवारीत ॲनी विटेनमायर या आयोवातल्या मेथडिस्ट बाईंनी सेडालियाच्या इस्पितळात आपल्या आजारी भावापुढे तेलकट बेकन, पाव आणि काळी कॉफी ठेवलेली पाहिली. या बाई नुसत्या हळहळल्या नाहीत. १८६४ पासून कमिशनच्या मदतीने त्यांनी पथ्याची स्वयंपाकघरे उभी केली. पद्धत अशी: डॉक्टरने खाटेच्या नंबरापुढे आहार लिहायचा, वॉर्डच्या सगळ्या चिठ्ठ्यांची एक यादी व्हायची, यादी स्वयंपाकघरात जायची, रस्सा, खिमट, दूध, टोस्ट जसे लिहिले तसे वॉर्डवार बाहेर पडायचे. देखरेखीला दोन बायका, जड कामाला बरे होत आलेले शिपाई. आणि सक्त नियम: डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय, रोगी कितीही विनवो, एक चमचाही द्यायचा नाही. युद्ध संपेपर्यंत अशी शंभराहून जास्त स्वयंपाकघरे झाली. ममता तीच होती. नियमाच्या चौकटीत आली म्हणून तिने जीव वाचवले.

चौकट चुकली की काय होते तेही पाहा. १९१७ मध्ये अमेरिकी सेनापती जनरल पर्शिंगच्या सांगण्यावरून अमेरिकी वायएमसीएने फ्रान्समधली कँटीन चालवायला घेतली. मालाच्या किमतीत वाहतुकीचा खर्च धरावा लागला. तीच सिगारेट लष्कराच्या कोठारात स्वस्त मिळे. चिखलातून आलेल्या सैनिकाला हिशेब कसा कळणार? त्याला एवढेच दिसले की मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या) बाया तळलेले डोनट वाटतात आणि हे लाल त्रिकोणवाले, म्हणजे ते चिन्ह लावणारे वायएमसीएवाले, पैसे मागतात. त्यातच देशातून भेट म्हणून आलेल्या सिगारेटची काही खोकी विक्रीच्या मालात मिसळली. पाकिटातून ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी निघाल्यावर बोभाटा झाला. कार्यकर्ते प्रामाणिक होते, पण संस्थेने दुकानदार व्हायचे कबूल केले तिथेच चूक झाली. त्याहून वाईट म्हणजे वर्णभेद. फ्रान्समध्ये दीड लाखाहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते आणि लढाईच्या काळात बहुतेक वेळ त्यांच्यासाठी वायएमसीएच्या कृष्णवर्णीय स्त्री-कार्यकर्त्या होत्या अवघ्या तीन. त्यांतल्या ॲडी हंटन आणि कॅथरिन जॉन्सन यांनी लिहून ठेवले आहे, की काही तंबूंवर कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारे फलक होते. ‘सर्वांसाठी खुले’ ही अट कागदावर राहिली, तर तंबूवरचा ख्रिस्ताचा त्रिकोणही उपयोगाचा नाही.

या कामातून काय घडू शकते, याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण शिपायांचेही नाही. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांसाठी खंदक खणायला, रेल्वेचे रूळ टाकायला चीनमधून सुमारे १,४०,००० मजूर आणले होते. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची पदवी घेतलेला जेम्स येन हा चिनी ख्रिस्ती तरुण वायएमसीएतर्फे बुलोनच्या छावणीत आला. रात्री-रात्री तो मजुरांची पत्रे लिहून देई. काही काळाने त्याने ठरवले, की यापुढे पत्र लिहून देणार नाही, लिहायला शिकवणार. हजारोंच्या छावणीतून पहिल्या तुकडीला चाळीसेक जण पुढे आले. नेहमीच्या वापरातली चिनी चिन्हे निवडून त्याने धडे केले. १९१९ च्या आरंभी मजुरांसाठी साप्ताहिकही काढले. चीनला परतल्यावर याच कामाची हजार चिन्हांची लोकशिक्षण चळवळ झाली आणि पुढे डिंगशियान जिल्ह्यात ग्रामसुधारणेचा प्रयोग. कष्टकरी मठ्ठ नसतो, त्याला संधी नसते, हे येनला बायबलच्या वर्गात कळले नाही. दुसऱ्याची पत्रे लिहिताना कळले.

आपल्याकडे मात्र भारतीय शिपायांच्या पत्रांतले जे वाचायला मिळते ते बहुतांश सेन्सॉरच्या अहवालांतले इंग्रजी उतारे आहेत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेले. मूळ पत्रे घरोघर गेली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगावकडच्या घरांत, आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पणजोबांच्या पदकांबरोबर एखादे पत्र अजून असू शकेल. मिळाले तर लॅमिनेशन करू नका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. घडी जोराने उलगडू नका. दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचेही छायाचित्र काढा. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, तारीख आणि सेन्सॉरचा शिक्का यांवरून पलटण आणि मुक्काम ठरवता येतो. डोक्यावर लाल त्रिकोण छापलेला असेल तर कागद वायएमसीएच्या तंबूतला. मोडीत असेल तर मोडी वाचकाकडून शब्दशः लिप्यंतर करून घ्या, सारांश घेऊ नका. आणि अक्षर कोणाचे, सही आहे की अंगठा, याची नोंद ठेवा.